मोटारघरातून वाळवंटाची सफर

(मंडळाच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. हळदीकुंकवाला उखाणा घ्यायचा म्हटला तरी माझी जीभ अडखळते, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. परंतु आपल्या चिटणीसबाईंनी गळ घातली, आणि मी हो-नाही म्हणायच्या आत माझे नाव कार्यक्रमपत्रिकेत छापूनही टाकले. तेव्हा उभी राहिले आहे. चुकले-माकले तर पदरात घ्यावे.

अमेरिकेहून परत आल्यावर प्रत्येकीने मला एकच प्रश्न विचारला, "काय काय आणलेस?" चॉकलेटे आणली, ती आपण खाल्लीत. पण एक वस्तू मी पिशवीत घातली होती आणि ती आणली नाही. आज तिचीच हकीकत सांगणार आहे. ती ऐकून कोणी मला नावे ठेवली तरी माझी तक्रार नाही.

आमचे धाकटे भाऊजी ॲरिझोना राज्यात फिनिक्स शहरी राहतात. २०२२ साली त्यांनी सासूबाईंना बोलावले. सासूबाईंचे वय तेव्हा ७६, गुडघे धरलेले. एकट्या पाठवणे शक्य नव्हते. दुकान सोडून 'ह्यां'ना जाता येईना, म्हणून सोबतीला माझी नेमणूक झाली. म्हणजे मी काही मोठी प्रवासिनी नव्हे. सामानाबरोबर पिशवी जाते तशी गेले.

भाऊजींना सुट्टी मिळाली ती नेमकी पितृपंधरवड्यात. सासूबाई म्हणाल्या, "या दिवसांत कोणी हिंडायला जातं का?" पण दुसरे दिवस नव्हते. शिवाय प्रश्न होता त्यांच्या पथ्याचा, गोळ्यांचा आणि रात्री तीनतीनदा उठण्याचा. रोज नवे हॉटेल त्यांना झेपणारे नव्हते. यावर जाऊबाईंनी तोड काढली ती मोटारघराची.

मोटारघर म्हणजे २५ फूट लांबीची मोटार आणि तिच्यातच घर. ते दिवसांच्या भाड्याने मिळते. ड्रायव्हरच्या डोक्यावर माळ्यासारखा बिछाना, मागे एक पलंग, जेवणाचे टेबल खाली पाडले की त्याचाही पलंग. गॅसची शेगडी, फ्रिज, मोरी, संडास, सर्व काही. आमच्या कराडच्या स्वयंपाकघराहून ते थोडे मोठे असेल, आणि त्यात आम्ही पाच माणसे दहा दिवस राहिलो. पाचवा माझा पुतण्या, बारा वर्षांचा. तोच आमचा दुभाषी. पाट्या वाचून तो आम्हांला अर्ध्या मराठीत सांगे.

मोटार सुरू झाली की कपाटातली सगळी भांडी बोलू लागतात. पहिल्याच वळणाला आमटीचे पातेले सासूबाईंच्या पायावर आले. दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक भांड्यात फडके कोंबू लागले. पण खरे शिक्षण पाण्याचे. टाकीत भरून घ्याल तेवढेच पाणी. भांडी विसळलेले पाणी दुसऱ्या टाकीत साठते, संडासाचे तिसऱ्या टाकीत, आणि मुक्कामी ठरलेल्या जागी जाऊन नळीने ती टाकी रिकामी करावी लागते. हे काम भाऊजींकडे. हातमोजे घालून ते नळी जोडत होते तेव्हा सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, "इतका शिकलास, इंजिनिअर झालास, आणि शेवटी हे!" भाऊजी हसले. पण पाणी कसे वापरावे हे त्या दहा दिवसांत सासूबाईंनी आम्हां सर्वांना शिकवले. तांदूळ धुतलेले पाणी डाळीला, आणि ताटे आधी कागदाने पुसून मग धुवायची. त्यांचे बालपण आणि संसाराची पहिली वर्षे माण तालुक्यात गेली, हे मी पुढे सांगणार आहे त्यासाठी ध्यानात ठेवा.

फिनिक्स सोडले की रस्त्याच्या दोहों बाजूंना सागुआरो नावाचे निवडुंग उभे दिसतात. आपल्या कुंपणावरच्या निवडुंगाचे हे पणजोबा. खांबासारखे सरळ वाढतात. त्यांना बाजूचे हात फुटायला ५०-७० वर्षे लागतात. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे माझ्या वयाला याला आता कुठं हात फुटतोय, आणि माझे कामातून गेले."

पहिल्या दिवशी उंच कड्याच्या कपारीत बांधलेले एक पाच मजली घर पाहिले. त्याला माँटेझुमाचा किल्ला म्हणतात, पण त्या राजाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. गोऱ्या लोकांनी उगीच नाव दिले आणि ते चिकटले. तिथून फ्लॅगस्टाफकडे चढून गेलो. वाळवंट संपून एकदम सूचिपर्णी झाडांचे जंगल आणि थंडी. पुढे उतरलो तो वुपाटकी येथे.

वुपाटकीची जागा १९२४ पासून सरकारने राखून ठेवली आहे. उघड्या माळावर तांबड्या दगडांची, सुमारे शंभर खोल्यांची पडकी इमारत. जवळच एक ज्वालामुखी सुमारे हजार वर्षांपूर्वी पेटला होता, त्याची काळी राख मैलोगणती पसरलेली. त्या राखेने ओल धरून ठेवली म्हणून इथे मका पिकला असे म्हणतात. बाराव्या शतकात लोक इथे राहत होते. मेक्सिकोकडून आणलेले मोठे रंगीत पोपट पाळीत, कापूस विणीत. पुढे शंभरएक वर्षांत सोडून गेले. आजूबाजूला पाहावे तर नदी नाही, विहीर नाही. मला पहिला प्रश्न पडला तो हाच, की इथल्या बायका पाणी कुठून आणीत असतील?

एक गंमत सांगते. त्या अवशेषांशेजारी जमिनीत एक भोक आहे, त्यातून वारा वर येतो. जमिनीखाली मोठ्या भेगा आहेत. बाहेरच्या हवेचा दाब कमी झाला की आतली थंड हवा बाहेर पडते, उलट झाले की भोक हवा आत ओढते. सासूबाई त्याच्या कडेला बसल्या आणि त्यांचा पदर फुग्यासारखा फुगला. पोरासारख्या हसल्या. तेवीस वर्षांत मी त्यांना तसे हसताना पाहिले नव्हते.

आणि इथेच ते घडले. पायवाटेच्या कडेला मी चपलेचा पट्टा बसवायला वाकले. एका ठेंगण्या भिंतीच्या पायाशी, वाळक्या झुडपाजवळ, तीन दगड होते, आणि त्यांच्यामध्ये खापराचा एक तुकडा. दोन बोटे रुंद, करड्या रंगाचा. त्यावर ओळीने खळगे होते, चकलीच्या पिठावर बोट दाबले तर उमटतील तसे. इकडे तिकडे पाहिले. कोणी नव्हते. तुकडा उचलून मी सासूबाईंच्या गोळ्यांच्या डबीत टाकला. मनात म्हटले, एवढी खापरे पडली आहेत, एकीने काय होते? मंडळात दाखवीन.

खोटे कशाला बोलू, त्या वेळी मला काहीसुद्धा वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी दगड झालेल्या जंगलात गेलो. वीस कोटी वर्षांहून जुनी झाडे पुरात वाहून चिखलात गाडली गेली, लाकडाची जागा गारगोटीने घेतली, आणि आता तांबड्या-पिवळ्या-जांभळ्या रंगांचे ओंडके उन्हात पडले आहेत. साल आहे, गाठी आहेत, पण हात लावावा तर दगड. १९६२ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. येणारे लोक त्यांचे तुकडे खिशात घालून नेत. पुष्कळांना मागाहून पश्चात्ताप होतो आणि ते टपालाने तुकडे परत पाठवतात, बरोबर क्षमेची पत्रे. कोणी लिहितो आजारपण आले, कोणी लिहितो नोकरी गेली. पुतण्या ही माहिती वाचून सांगत होता आणि मी डबी घट्ट धरून उभी होते. मी त्याला विचारले, "मग परत आलेले दगड जागेवर ठेवतात का रे?" तो म्हणाला, "नाही काकू. कुठून उचलले ते कोणाला माहीत नसतं ना! एका रस्त्याच्या बाजूला ढीग केलाय त्यांचा."

म्हणजे दगड परत आले, पण घरी गेले नाहीत. ते ऐकून माझ्या पोटात प्रथम कालवले. शापाची मला भीती वाटली नाही. तो ढीगच डोळ्यांपुढून हलेना.

मग नॅव्हाहो लोकांच्या मुलखातून उत्तरेकडे गेलो. तिथे एक वेगळाच घोटाळा. ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करीत नाहीत, पण त्याच राज्यातील नॅव्हाहो मुलखात करतात, आणि त्यांच्या मधोमध असलेल्या होपी लोकांच्या मुलखात पुन्हा करीत नाहीत. सासूबाईंची रक्तदाबाची गोळी कोणत्या वेळेची द्यायची, यावरून माझे आणि जाऊबाईंचे दिवसभर गणित चालले होते.

कोलोरॅडो राज्यातील मेसा व्हर्दे हे आमच्या सफरीतले मुख्य ठिकाण. उंच पठार, त्याला खोल दऱ्यांच्या भेगा, आणि दऱ्यांच्या कड्यांत कपारी. त्या कपारींत सुमारे ६०० घरे-वस्त्या आहेत. सर्वांत मोठीला क्लिफ पॅलेस म्हणतात. तिच्यात सुमारे १५० खोल्या, आणि साधारण शंभर माणसे राहत असावीत. तेराव्या शतकातले बांधकाम, म्हणजे आपल्याकडे देवगिरीला यादवांचे राज्य होते तेव्हाचे. खाली उतरायला तिकीट काढून रेंजरबरोबर जावे लागते. रेंजर म्हणजे उद्यानाचे रखवालदार, पण ते शिक्षकांसारखे सर्व समजावून सांगतात. ओबडधोबड पायऱ्या, मग लाकडी शिड्या. मी पंजाबी पोशाख घातला होता म्हणून निभावले. सासूबाई भाऊजींबरोबर वरच थांबल्या.

खाली गेल्यावर लोक बुरूज पाहत होते, भिंतींची उंची पाहत होते. माझे डोळे सवयीने चुलीकडे गेले. कपारीचे छत हजारो दिवसांच्या धुराने काळे झालेले. आपल्या जुन्या माजघराचे आढे असते अगदी तसे. मागच्या अरुंद जागांत धान्याच्या कोठ्या, आपल्या बळदासारख्या, उंदीर शिरू नये म्हणून दगडाच्या फळीने बंद करायच्या. जमिनीत गोल खोदलेल्या खोल्या, त्यांना किवा म्हणतात. छतातून शिडीने आत उतरायचे, मध्ये चूल, आणि जमिनीत एक लहानसे छिद्र. त्यांचे पूर्वज तिथून पृथ्वीवर आले असे त्या लोकांचे श्रद्धेचे स्थान. आणि पाटे-वरवंटे! मका दळायचे दगड हुबेहूब आपल्या पाट्यासारखे, मध्ये घासून खोल झालेले. बायका गुडघ्यांवर बसून ओळीने दळायला बसत, आणि होपी बायकांत दळताना गाणी म्हणण्याची चाल होती असे जाऊबाईंनी सांगितले. दळणातली कच खाऊन त्या लोकांचे दात लवकर झिजत. जन्मलेल्या मुलांपैकी निम्मी पाच वर्षांची होण्याआधी जात. मक्याची शेते वर पठारावर, म्हणून कड्याला बोटे रुतण्याइतके खळगे कोरून ही माणसे चढत-उतरत. पाठीवर मूल घेऊन बायका त्यावरून कशा जात असतील, या विचारानेच माझे पाय कापले.

सन १२७६ ते १२९९ मोठा दुष्काळ पडला. झाडांच्या खोडातील वर्तुळे मोजून हे समजते. ओल्या वर्षी वर्तुळ जाड, कोरड्या वर्षी बारीक. दुष्काळाखेरीज इतरही कारणे असतील, पण १३०० च्या सुमारास सर्व माणसे निघून गेली. ती कुठे नाहीशी झाली नाहीत, बरे का. दक्षिणेकडे गेली. होपी, झुनी आणि इतर पुएब्लो लोक हे त्यांचेच वंशज, आणि ते आजही आपल्या पूर्वजांच्या या घरी येतात. 'अनासाझी' हे जुन्या पुस्तकांतले नाव त्यांना आवडत नाही, कारण ते परक्यांनी दिलेले आहे.

ही जागा वाचवली कोणी, हे ऐकून आपल्या मंडळाला आनंद होईल. बायकांनी! १८९१ साली एका स्वीडिश तरुणाने इथून पेट्या भरभरून वस्तू नेल्या. लोकांनी त्याला अटक करवली, पण नेऊ नये असा कायदाच नव्हता, म्हणून सुटला. त्या वस्तू फिनलंडच्या संग्रहालयात गेल्या. त्यांतली माणसांची हाडे २०२० साली परत आली आणि इथे पुन्हा मातीत गेली. त्या लुटीच्या काळात व्हर्जिनिया मॅक्लर्ग नावाच्या बाईने भाषणे देत देत बायकांना गोळा केले आणि १९०० साली त्यांची संस्था उभी केली. ल्यूसी पीबॉडी या दुसऱ्या बाईने राजधानीत खेटे घातले. शेवटी दोघींचे बिनसले. एक म्हणे जागा बायकांच्या संस्थेच्या ताब्यात असावी, दुसरी म्हणे देशाच्या. दुसरीचे खरे झाले आणि १९०६ साली उद्यान झाले. तिळगुळाच्या वाटपावरून आपल्या बैठकीत जे होते, ते तिथेही झाले म्हणायचे! पण काम झाले.

तिथल्या संग्रहालयात मी एक अखंड मडके पाहिले. करडे, आणि सबंध अंगावर ओळीने खळगे. जाऊबाईंनी वाचून सांगितले, मातीच्या वळ्या एकीवर एक चढवून बोटाने दाबत जायचे, ते हे ठसे. हे रोजच्या स्वयंपाकाचे भांडे. भांडी घडवणे हे पुएब्लो लोकांत बायकांचे काम. मी पिशवीत हात घालून डबीतल्या खापरावर अंगठा ठेवला. तो त्या खळग्यात बसला.

त्या रात्री मुक्कामी कुकर लावला होता. सासूबाईंना मी खालच्या पाट्या-वरवंट्यांचे सांगत होते. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बाहत्तरच्या दुष्काळात आम्ही माणातून निघालो, तेव्हा माझं जातं मागंच ठेवलं. जड वस्तू, कशी न्यायची? माझ्या आईनं दिलेलं होतं. खडी फोडून पोट भरत होतो, तिथं जातं काय करायचं? मी ते कोपऱ्यात पालथं घातलं आणि वर पोतं टाकलं. परत येऊ असंच वाटलं होतं." त्या दुष्काळात त्यांची दीड वर्षाची मुलगी गेली, हे आम्हांला माहीत होते. जात्याचे मात्र मी प्रथमच ऐकत होते. "तीन वर्षांनी गेले तर कोणी नेलेलं. नेणाऱ्याला वाटलं असेल, टाकून दिलंय. टाकलं नव्हतं गं."

कुकरची शिट्टी झाली, मी उठून गॅस बंद केला, आणि गोळ्यांची डबी त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी तुकडा हातात घेतला, फिरवून पाहिला. मला वाटले आता बोलतील. घरी एक चमचा हरवला तर बोलणाऱ्या त्या! पण एवढेच म्हणाल्या, "जागा आठवते का?" मी म्हटले, "आठवते. तीन दगडांच्या मध्ये." "मग झालं तर."

भाऊजी मात्र घाबरले. जुन्या वस्तू उचलणे तिथे कायद्याने गुन्हा आहे, दंड होतो. ते म्हणाले, गुपचूप ठेवून येऊ. सासूबाई म्हणाल्या, "गुपचूप उचललं, गुपचूप ठेवायचं नाही."

पुढचे चार-पाच दिवस मी काय पाहिले ते विचारू नका. मॉन्युमेंट व्हॅलीचे उभे लाल डोंगर पाहिले. ग्रँड कॅन्यनची दरी पाहिली, मैलभर खोल आणि ४४६ किलोमीटर लांब. सर्व जग ती पाहायला येते आणि मी तिच्या काठावर उभी राहून मनात इंग्रजी वाक्ये जुळवीत होते. एक गोष्ट आठवते. सासऱ्यांच्या तिथीला सासूबाईंनी बाहेरच्या बाकावर भाताचा घास ठेवला. तिथले डोमकावळे आपल्या कावळ्यांच्या दुप्पट. एक लगेच उतरला. पुतण्या ओरडला, "आजी, इथं प्राण्यांना खायला घालायचं नाही, दंड आहे!" सासूबाईंनी घास उचलून आत घेतला आणि कावळ्याला मराठीत समजावले.

परतताना भाऊजींनी जवळचा रस्ता सोडून मोटारघर वुपाटकीकडे वळवले. कचेरीत रेंजरबाई होत्या. माझी जीभ टाळ्याला चिकटली. पाठ केलेले एकही वाक्य आठवेना. शेवटी मी तुकडा टेबलावर ठेवला आणि जाऊबाईंना म्हटले, "सगळं सांगा, काही झाकू नका." त्या सांगत होत्या आणि मी जमिनीकडे पाहत होते. त्या बाईंनी एकच विचारले, जागा दाखवू शकाल का? सासूबाई काठी टेकत बरोबर आल्या. भिंत सापडली, झुडूप सापडले, तीन दगड सापडले. रेंजरबाईंनी मान हलवली, आणि मी तो तुकडा होता तसा, ठशांची बाजू वर करून ठेवला. त्यांनी आभार मानले. दंड केला नाही.

मग त्यांनीच एक गोष्ट सांगितली. १९३८ साली कोर्टनी जोन्स नावाची नवी नवरी इथल्या रखवालदार नवऱ्याबरोबर आली आणि याच अवशेषांतल्या दोन खोल्यांत तिने संसार मांडला. तिची पत्रे पुढे पुस्तकरूपाने छापली गेली. आणखी एक सांगितले, नाम्पेयो नावाच्या कुंभारीण बाईचे. ती १९४२ साली वारली. जुन्या वस्तीतल्या खापरांवरची नक्षी निरखून तिने आपल्या लोकांची विसरलेली कला पुन्हा चालू केली. त्या बाई म्हणाल्या, खापर जागेवर असले तर कोण, कधी, कुठून आले ते सांगते. जागेवरून हलले की मुके होते. जाऊबाईंनी याचे मराठी केले तेव्हा सासूबाई लगेच म्हणाल्या, "हे मला कळलं."

निघण्यापूर्वी सासूबाई पुन्हा त्या वाऱ्याच्या भोकापाशी बसल्या. पण हवा बदलली होती, त्या दिवशी भोक वारा आत ओढत होते. त्यांनी वाळलेले पान त्याच्यावर धरले, ते त्यांच्या हातून सुटून आत गेले.

सासूबाई २०२४ च्या मार्गशीर्षात गेल्या. आपल्यापैकी पुष्कळजणी भेटायला आल्या होत्या, त्यांची मी ऋणी आहे. त्या सफरीतले फोटो मी आज बरोबर आणले आहेत. त्यांत पदर फुगलेला सासूबाईंचा फोटो आहे आणि मडक्याचाही आहे. चहाच्या वेळी पाहावेत, मात्र हात कोरडे करून.